आर्नोकाठची छत्री

फ्लॉरेन्सला जाणाऱ्या मराठी प्रवाशाचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. ब्रुनेलेस्कीचा घुमट, उफ्फीत्सीची रांग, डेव्हिड, पाँते वेक्यो पुलावरची सोनारांची दुकानं आणि वेळ उरला तर पिसाचा मनोरा. कोल्हापूरच्या माणसानं यात आणखी एक जागा घालावी, असं मी भेटेल त्याला सुचवतो. ‘आपल्या राजाचं स्मारक आहे तिथं’ एवढं म्हटलं की समोरचा मान डोलावतो, जातो, फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकून मोकळा होतो. हे स्मारक त्याहून अधिक वेळ मागतं. मिकेलांजेलोच्या गावात ते कलाकृती म्हणून उभं राहू शकतं का, असा प्रश्न त्याला सरळ विचारावा. माझ्या मते राहतं. मात्र लोक ज्याचा फोटो काढतात त्या पुतळ्याच्या जोरावर नाही.

आधी इतिहास, थोडक्यात. राजाराम महाराजांचा जन्म १८५० सालचा, पाटणकरांच्या घरातला. १८६६ साली ते दत्तक येऊन कोल्हापूरच्या गादीवर बसले. आज कोल्हापुरात राजाराम म्हटलं की राजारामपुरी वसली त्या काळातले, विसाव्या शतकातले महाराज लोकांना आठवतात. हे त्यांच्या आधीचे; १८८० साली सुरू झालेल्या राजाराम कॉलेजाला नाव आहे ते यांचं. इंग्रजी शिकलेला हा तरुण राजा १८७० साली विलायतेला गेला. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं मानणारे लोक घराघरांत होते तो हा काळ. लंडनमध्ये त्यांनी व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, ती अफाट राजधानी हिंडून पाहिली आणि पाहिलेलं रोजच्या रोज इंग्रजीत टिपून ठेवलं. सोबत असलेल्या कॅप्टन एडवर्ड वेस्टनं पुढं ती रोजनिशी संपादित केली आणि १८७२ साली लंडनच्या स्मिथ, एल्डर कंपनीनं ती छापली. पुस्तक वाचताना एका ठिकाणी लिहिणारा बदलतो. राजाचा आजार, मृत्यू आणि अंत्यविधी यांचा मजकूर वेस्टचा आहे. हिंदुस्थानी माणसानं युरोप पाहून लिहिलेल्या पुस्तकांमध्ये या पुस्तकाची जात वेगळी आहे ती यामुळं. घरी परतून, सुपारी कातरत सांगितलेला हा प्रवास नाही. सांगणारा वाटेतच राहिला.

परतीच्या वेळी युरोपात युद्ध पेटलं होतं. सप्टेंबर १८७० पासून पॅरिसला प्रशियाच्या फौजांचा वेढा पडलेला, त्यामुळं फ्रान्समधून सरळ खाली उतरायची सोय नव्हती. ही मंडळी आल्प्स ओलांडून इटलीत आली. राजाची प्रकृती वाटेतच ढासळली होती. फ्लॉरेन्समध्ये तेव्हाच्या मानीन चौकातल्या, म्हणजे आजच्या ओन्यिस्सांती चौकातल्या हॉटेलात मुक्काम पडला आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथंच त्यांचं निधन झालं. वय वीस, एकविसावं चालू होतं.

तेव्हा फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती, हे आपल्याकडं फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. एकसंध झालेल्या इटलीची राजधानी आधी तूरिन, १८६५ पासून फ्लॉरेन्स आणि १८७१ पासून रोम. राजा व्हित्तोरिओ इमानुएले पित्ती राजवाड्यात राहायचा आणि लोकसभा भरायची ती पालात्सो वेक्योच्या भव्य दालनात. राजधानीला शोभा यावी म्हणून ज्युसेप्पे पोज्जी या वास्तुकारानं शहराची मध्ययुगीन तटबंदी पाडून रुंद रस्ते काढले. वेशी तेवढ्या उभ्या ठेवल्या. रविवार वेस आणि गंगावेस ही नावं रोज तोंडी असलेल्या, पण तट शोधायला बिंदू चौकात जावं लागणाऱ्या आपल्यासारख्यांना पोर्ता अल प्रातो ही एकाकी वेस पाहून नवल वाटणार नाही. २० सप्टेंबर १८७० ला इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या आणि फ्लॉरेन्सचं राजधानीपण संपायला आलं. एका राजधानीचा धनी दुसऱ्या राजधानीत वारला तेव्हा तीही सामान आवरायच्या तयारीत होती.

आता अडचण आली ती दहनाची. कॅथलिक इटलीत प्रेत जाळायची चाल नव्हती. (इटलीच्याच किनारपट्टीवर, व्हिआरेज्जोजवळ, १८२२ साली शेली या इंग्रज कवीचं बुडालेलं प्रेत वाळूत जाळलं होतं खरं, पण ते साथीच्या रोगांविषयीच्या नियमांपायी.) राजाच्या माणसांनी दोन गोष्टी मागितल्या: दहन आणि संगम. नगरपालिकेनं खास परवानगी दिली. रात्रीच्या वेळी प्रेत काशिने बागेच्या टोकाला, मुन्योने ओढा आर्नो नदीला मिळतो तिथं नेण्यात आलं आणि चिता पेटली. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येताना पाहिलेल्या माणसांनी परक्या मुलखात, परक्या भाषेत, मुडदा हॉटेलात असताना काही तासांत संगम शोधून काढला, याचं मला अजून कौतुक वाटतं. मुन्योने म्हणजे काही गंगा नव्हे. शहराची कड धरून येणारा तो साधा ओढा. पण दोन पाणी मिळतात ना, मग झालं.

दहन म्हणजे काय असतं, हे त्या रात्री फ्लॉरेन्सनं पाहिलं. युरोपात या विषयावर तेव्हा वाद सुरू झालेलेच होते. पुढं १८७६ साली मिलानमध्ये दाहगृह उभं राहिलं. चर्चनं १८८६ मध्ये दहनाला मनाई केली आणि ती मनाई सैल व्हायला १९६३ उजाडलं. या सगळ्या वादाच्या तोंडाशी आपली ही चिता आहे.

चार वर्षांनी, १८७४ साली, त्याच जागी स्मारक झालं. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या इंग्रज शिल्पकाराचा.

काशिने ही बाग आर्नोच्या उजव्या काठानं सुमारे साडेतीन किलोमीटर लांब पसरली आहे. एकेकाळी ती मेदिची घराण्याची शेतीवाडी आणि शिकारीचं रान होती. ट्रामनं बागेशी उतरून पश्चिमेकडं चालत सुटायचं. अर्धा-पाऊण तास लागतो आणि हे चालणं टाळू नये, कारण स्मारकाचं वाचन इथूनच सुरू होतं. फ्लॉरेन्समधल्या बाकी सगळ्या कलाकृती भिंतीला, छताला, चौकाला धरून आहेत. गल्लीतून वळलं की घुमट अंगावर येतो. इथं उलट आहे. घरं संपतात, झाडं सुरू होतात, धावणारी आणि कुत्री फिरवणारी माणसंही विरळ होतात, डावीकडं झाडांपलीकडं नदी, आणि जमीन निमुळती होत दोन पाण्यांच्या बेचक्यात संपते. त्या टोकावर छत्री. खांबांवर तोललेला घुमट, खाली चौथरा, त्यावर पागोट्यातला तरुण राजा. आजूबाजूला एकही इमारत अशी नाही की जिच्याशी छत्रीनं जुळवून घ्यावं.

फ्लॉरेन्सच्या थडग्यांशी ही छत्री ताडून पाहिली की तिचं वेगळेपण कळतं. सांता क्रोचे चर्चमध्ये मिकेलांजेलो आहे, माकियाव्हेल्ली आहे, गॅलिलिओ आहे. दांतेचंही भलंमोठं स्मारक आहे, पण ते रिकामं. दांतेला या शहरानं हद्दपार केलं, त्याची हाडं राव्हेन्नात राहिली आणि शहरानं पाचशे वर्षांनी रिकामी शवपेटी उभी केली. आत देह नाही हे त्या स्मारकाचं उणेपण आहे. पाहणारा ते मनातल्या मनात नोंदवतो. छत्रीतही देह नाही. पण इथं ते उणं वाटत नाही, कारण आपल्याकडं देह उरायचाच नसतो. उरते ती जागा. पंचगंगेच्या घाटावर राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्या आहेत. तिथं घुमटी असते, आत पिंड किंवा पादुका असतात. मेलेल्याचा चेहरा सहसा नसतो. माणूस इथं अग्नीला दिला, एवढंच ती वास्तू सांगते. मँटनं ही गोष्ट पुरती ओळखली होती असं मला छत्रीकडं पाहून वाटतं. शहराच्या मध्यावर, एखाद्या चर्चच्या अंगणात किंवा इंग्रजांच्या दफनभूमीजवळ स्मारक करणं सोपं झालं असतं आणि चार माणसांच्या नजरेसही पडलं असतं. चिता जळाली तिथंच ते उभं राहिलं, यात त्याचं अर्ध्याहून जास्त मोल आहे.

उरलेल्या अर्ध्यात भांडण आहे. भांडण छत्रीचं आणि पुतळ्याचं.

छत्री हा चारी बाजूंनी उघडा आकार आहे. वारा एका अंगानं शिरतो, दुसऱ्या अंगानं जातो. आतल्या पोकळीलाच तिथं मान असतो. त्या पोकळीत फुलरनं अर्धपुतळा ठेवला, आणि अर्धपुतळ्याला समोर असते, पाठ असते. तो बघणाऱ्याला एका ठरावीक जागी उभं करतो. म्हणजे छत्री म्हणते भोवती फिर, पुतळा म्हणतो समोर ये. मी दोन्ही करून पाहिलं आहे. मागच्या बाजूनं, पुतळ्याची पाठ दिसते तिथून, खांबांच्या चौकटीत नदी येते आणि स्मारक सगळ्यात सुंदर दिसतं. समोरून ते एका चांगल्या माणसाचं चांगलं काढलेलं व्यक्तिशिल्प आहे, एवढंच.

फुलरला नावं ठेवायची नाहीत. त्याचं काम सरळ होतं: वीस वर्षांचा मुलगा ओळखू यावा. इंग्रजी घराण्यांना असंच लागायचं, चेहरा हुबेहूब आणि पोशाखाचा बारकावा अचूक. पण याच गावात, सान लोरेन्झोला, मेदिची घराण्याच्या दोन तरुण सरदारांची थडगी आहेत आणि ती मिकेलांजेलोची आहेत. जुलियानो सदतिसाव्या वर्षी गेला, लोरेन्झो सव्विसाव्या. दोघांनी आयुष्यात फारसं काही केलं नव्हतं. मिकेलांजेलोनं त्यांच्या नाकाडोळ्यांची फिकीरच केली नाही. एकाला केला सावध, उठायच्या बेतातला. दुसऱ्याचा चेहरा शिरस्त्राणाच्या सावलीत, विचारात बुडालेला. पायाशी दिवस, रात्र, पहाट, सांज. हे दोघे असे दिसत नव्हते, हे समकालीनांनाही माहीत होतं. चारशे नव्वद वर्षं झाली, आज तिथं उभं राहणारा कुणाच्या चरित्रासाठी उभा राहत नाही. चेहरा सोडून दिला म्हणून ते शिल्प टिकलं.

अकाली गेलेल्या तरुण राजाचं स्मारक कसं करावं, याची दोन उत्तरं म्हणजे या एकाच शहरात आहेत. फुलरनं चेहरा जपला. मिकेलांजेलोनं चेहरा टाकून अवस्था घेतली. तिसरं उत्तर मँटचं: चेहराही नको, अवस्थाही नको, जागेवर छप्पर धरा. पुतळा नसता तर हे तिसरं उत्तर निर्भेळ राहिलं असतं. तसं ते झालं नाही, आणि होणारही नव्हतं. १८७४ सालच्या फ्लॉरेन्समध्ये रिकामी छत्री पाहून लोकांनी तिला बागेतला विसावा समजून खाली बसून फळं सोलली असती.

मँटसाठीही ही छत्री मोक्याची आहे. कोल्हापूरचा टाउन हॉल त्याचाच, १८७२ ते १८७६ मधला. टाउन हॉलच्या बागेत बसून वर पाहिलं तर गॉथिक वळणाच्या कमानी आणि टोकदार छपरं दिसतात. विलायतेतलं एखादं टुमदार सभागृह काळ्या दगडात उतरवावं तसं. नंतर त्यानं नवीन राजवाडा आखला. तो पुरा झाला १८८४ साली, मँट १८८१ मध्येच वारला होता. नवीन राजवाड्यात घड्याळाचा मनोरा विलायती आहे, पण घुमट, कमानी, छत्र्या सगळ्या इथल्या. टाउन हॉल ते नवीन राजवाडा हा पल्ला त्यानं कसा गाठला, याचा एक टप्पा आर्नोकाठी आहे. टाउन हॉलचं काम चालू असतानाच तो तिकडं युरोपच्या मातीवर निखळ हिंदुस्थानी आकार उभा करत होता. कोल्हापुरात विलायती आणि विलायतेत कोल्हापुरी! विद्वान याला काय म्हणतील ते म्हणोत, मला त्यात एका धडपड्या माणसाचा गमतीदार उलटसुलट हिशेब दिसतो. कुणी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यानं या तीन इमारती शेजारी शेजारी मांडून मापं घेतली पाहिजेत.

पंचगंगेचे पूर बघितलेला माणूस आणखी एक गोष्ट बघतो. संगमावर बांधलं म्हणजे पाणी येणार. आर्नोचा महापूर ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आला, शहरातली हस्तलिखितं आणि चित्रं चिखलात गेली, काशिने बाग पाण्याखाली गेली. छत्री जागेवर आहे. २०१९ ला आणि २०२१ ला आपल्या घाटावरच्या समाध्या बुडून पुन्हा वर आल्या, तेव्हा मला तिची आठवण झाली होती.

चौथऱ्यावर इंग्रजी, इटालियन आणि देशी लिपीत मजकूर कोरलेला आहे. तो फ्लॉरेन्सकर वाचत नाहीत. त्यांच्या लेखी हा ‘इंडियानो’, म्हणजे हिंदी माणूस. शेजारून आर्नोवर १९७८ साली मोठा केबलचा पूल झाला, त्याचं नाव ‘पाँते आल्ल इंडियानो’. बागेच्या या टोकाचंही तेच नाव. सकाळच्या रहदारीच्या बातमीत इंडियानोवर गाड्या तुंबल्याचं येतं. बोलणाऱ्यातल्या किती जणांना तो इंडियानो कोण हे ठाऊक असेल? आपले काही पाहुणे यावर नाराज होतात, महाराजांचं नाव नाही म्हणून. मला राग येत नाही. मोठमोठ्या संगमरवरी नावांना जे जमलं नाही ते या बिननावाच्या इंडियानोला जमलं आहे; तो लोकांच्या रोजच्या तोंडात आहे, जसं आपल्याकडं कुठल्याशा बुवाच्या नावानं एखादा तिठा ओळखला जातो.

आता खाण्याचं. त्याशिवाय कोल्हापूरकराला शहर पाहिल्यासारखं वाटत नाही आणि ते रास्तच आहे. सान लोरेन्झोची थडगी पाहून बाहेर पडलं की दोन मिनिटांवर मेर्कातो चेन्त्राले आहे, लोखंड आणि काचेची मंडई. ज्युसेप्पे मेंगोनीनं ती १८७० ते १८७४ मध्ये बांधली. राजाच्या मृत्यूपासून छत्रीपर्यंतची तीच चार वर्षं. आत चीज, मश्रूम, मांस आणि लांप्रेदोत्तो. हा फ्लॉरेन्सचा खरा गरिबांचा खाऊ: बैलाच्या चौथ्या पोटाचा भाग टोमॅटो, कांदा, सेलरीच्या पाण्यात तासन्‌तास शिजवायचा, चिरायचा, पाव त्याच रश्शात बुडवायचा, वर हिरवी चटणी आणि तिखट तेल. जो वजडी चाटून पुसून खातो त्याला हा पदार्थ समजावून सांगावा लागत नाही. जो गोमांस खात नाही त्यानं मात्र आधीच विचारून घ्यावं, गाडीवाल्याच्या हसण्यावर जाऊ नये. त्याच्यासाठी रिबोल्लिता आहे, शिळा पाव, घेवडा आणि काळपट कोबीचं पुन्हा पुन्हा उकळलेलं दाट कालवण. आपल्या तिखटाच्या मानानं ते सौम्य लागतं, पण थंडीत पोटाला धरतं. पाव मात्र अळणी. तोस्कानामध्ये पावात मीठ घालत नाहीत, आणि पहिल्या घासाला आपला माणूस हमखास मागवतो ते मीठ. वाढपी आणून देतो, पण चेहरा पाहण्यासारखा करतो.

माझा क्रम असा. एक दिवस सान लोरेन्झो. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मंडईत खाणं, मग स्टेशनजवळून ट्राम. या दुसऱ्या दिवसासाठी शक्यतो मंगळवार धरावा. मंगळवारी सकाळी काशिने बागेत नदीकाठानं आठवडी बाजार भरतो: कपडे, चपला, भांडी, कोंबड्या भाजणाऱ्या गाड्या, भाव करणाऱ्या बायका. दुपारी बाजार उठतो, खोकी आणि कोबीची पानं पडलेली असतात, ती तुडवत पुढं जावं लागतं. छत्रीपाशी पोचल्यावर आधी भोवती एक फेरी मारावी आणि फोटो काढायचाच असेल तर पाठीमागून काढावा.